भलत्या पत्त्यावर पोचलेली पुस्तकं

इसवी सन ७८. इजिप्तमध्ये हर्मोपोलिस शहराजवळच्या एका शेतावर डिडिमस नावाचा दिवाणजी मालकाचा जमाखर्च मांडतोय. पपायरसच्या गुंडाळीवर जमा, खर्च, पुन्हा जमा, पुन्हा खर्च, ओळीखाली ओळ. वर्ष-दोन वर्षांत ते हिशोब जुने झाले, कुणाच्या कामाचे राहिले नाहीत. पण गुंडाळ्यांची मागची बाजू कोरी होती. आपल्याकडे शाळेचं वर्ष संपलं की जुन्या वह्यांतले पाठकोरे कागद काढून त्यांची नवी वही शिवतात, तसंच तिथं कुणीतरी केलं. त्या पाठकोऱ्या बाजूवर चार वेगवेगळ्या हातांनी एक मोठा मजकूर उतरवून घेतला.

पुढं साधारण अठराशे वर्षं इजिप्तच्या कोरड्या मातीनं तो सांभाळला. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्या गुंडाळ्या ब्रिटिश म्युझियमकडे आल्या आणि जानेवारी १८९१मध्ये फ्रेडरिक केन्यन या तिशीही न गाठलेल्या अभ्यासकानं मजकुराची ओळख जगाला करून दिली. शेताच्या जमाखर्चामागं होती ‘अथेन्सची राज्यघटना’. ॲरिस्टॉटल आणि त्याच्या शिष्यांनी १५८ राज्यांच्या कारभाराची माहिती जमवली होती, असं जुने लेखक सांगत आले होते. तो सगळा संग्रह नाहीसा झाला होता. त्यातलं हे एकच पुस्तक, तेही सुरुवातीचा भाग गमावलेलं, एका दिवाणजीच्या हिशोबाच्या पाठीवर बसून परत आलं.

आत काय आहे? एक असं न्यायालय, की वाचताना आपण खुर्चीत सरसावून बसतो. अथेन्समध्ये निवाडा करायला शेकडो सामान्य नागरिक बसत. प्रत्येकाकडे लाकडाची एक छोटी पट्टी, तिच्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. सकाळी त्या पट्ट्या एका यंत्राच्या खाचांत रांगेनं बसवायच्या आणि काळे-पांढरे फासे सोडायचे. पांढरा आला तर ती रांग आत, काळा आला तर घरी. आत गेलेल्यांपैकी कोण कुठल्या न्यायालयात बसणार, तेही सोडतीनंच. लाच द्यायची तरी कुणाला, हेच त्या सकाळपर्यंत कुणाला ठाऊक नाही! मत देण्यासाठी प्रत्येकाच्या हातात काशाच्या दोन चकत्या. एकीच्या मधला दांडा पोकळ, दुसरीचा भरीव. दांड्याची टोकं अंगठ्यानं आणि बोटानं झाकून धरली की शेजाऱ्याला कळत नाही कुठली कुठली आहे. पुढं अथेन्सच्या जुन्या बाजारचौकात उत्खनन झालं तेव्हा अशा चकत्या आणि सोडतीच्या दगडी यंत्राचे तुकडे खरोखरच मातीतून वर आले.

आणि ज्याच्या नावावर हे पुस्तक आहे तो ॲरिस्टॉटल स्वतः त्या न्यायालयात कधीही बसू शकला नसता. तो उत्तरेकडच्या स्तागिराचा. अथेन्समध्ये परका रहिवासी, नागरिक नव्हे.

राजकीय तत्त्वज्ञानाचे मोठे ग्रंथ वाचायला घेतले की मला सगळ्यात आधी थक्क करते ती हीच गोष्ट. राज्य कुणाचं असावं, हुकूम का मानावा, सत्तेला लगाम कोण घालणार, हे प्रश्न ज्यांनी विचारले त्यांची पुस्तकं जवळजवळ नेहमी भलत्या पत्त्यावर पोचली. ज्या राजासाठी लिहिली त्यानं वाचली नाहीत. ज्यांना लेखकानं हिशोबातही धरलं नव्हतं त्यांनी वाचली आणि त्यांचं सोनं केलं.

आपल्याच देशातलं पुस्तक घ्या. कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’ कित्येक शतकं फक्त नावानं जिवंत होतं. दंडीनं त्याचा उल्लेख केला होता, बाणभट्टानं ‘कादंबरी’त त्याला निर्दय म्हणून दूषण दिलं होतं. शिव्या शाबूत होत्या, ज्याला दिल्या ते पुस्तक मात्र गायब होतं. १९०५मध्ये तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडितानं म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला ग्रंथ लिपीतली ताडपत्रांची एक पोथी दिली. तिथल्या आर. शामशास्त्रींनी ती वाचली, ओळखली, १९०९मध्ये संस्कृत संहिता छापली आणि १९१५मध्ये इंग्रजी भाषांतर दिलं. त्या पंडिताचं नाव इतिहासानं नोंदवलेलं नाही.

ग्रंथ केवढा? १५ अधिकरणं, १५० अध्याय. तो केव्हा रचला गेला याबद्दल अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत, पण त्याची नजर किती बारीक आहे याबद्दल दुमत होऊ शकत नाही. स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र या सात अंगांचं मिळून राज्य बनतं, असं तो मांडतो. राजा हे त्यातलं एक अंग, सगळं शरीर नव्हे. मग तो वजनमापांत उतरतो, हत्तींच्या निगेत उतरतो, मिठात, सुतात, दारूत, जंगलात उतरतो. सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार तो एकेक करून मोजतो. पाण्यातला मासा पाणी कधी पितो हे जसं दिसत नाही, तसं तिजोरीजवळचा माणूस पैसा कधी खातो ते कळत नाही, असं तो बजावतो. ज्यानं कधी कुठल्याही कचेरीत खेटे घातले आहेत, त्याला हे वाचताना दोन हजार वर्षांचं अंतर जाणवत नाही.

राजासाठी लिहिलेलं हे पुस्तक परत आलं ते राजे मावळायला लागले तेव्हा, आणि पडलं प्राध्यापकांच्या हाती. १९१९मध्ये म्युनिकच्या व्याख्यानात जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर म्हणून गेला, की कौटिल्यापुढं मॅकियाव्हेलीचा ‘प्रिन्स’ म्हणजे अगदीच निरुपद्रवी. मुंबई विद्यापीठानं १९६०पासून पुढच्या पाच वर्षांत र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती तीन भागांत छापली. आज जगभरातले अभ्यासक तिचाच आधार घेतात. एकेक पाठभेद तपासत, ही पोथी ती पोथी ताडून पाहत केलेलं ते काम. अशी माणसं नसती तर ‘अर्थशास्त्र’ एका ग्रंथालयाच्या कपाटात वाळवीची वाट बघत पडलं असतं.

मराठीतही या जातीचं एक पुस्तक आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. शिवछत्रपतींच्या काळापासून राज्य घडताना, मोडताना आणि पुन्हा सावरताना पाहिलेल्या माणसाची ही शिकवण. गडकोट, सावकार, टोपीकर, आरमार, सगळं त्यात आहे. आरमाराला लाकूड हवं, पण आंब्या-फणसाला हात लावायचा नाही, कारण रयतेनं ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं तिथं बजावलेलं आहे. राज्यसत्ता कुठं थांबते हे एका झाडापाशी सांगणारं वाक्य! सार्वभौमत्वावरच्या जाडजूड ग्रंथांत मला इतकी नेमकी सीमारेषा क्वचित भेटली.

आता रोमला जाऊ. इसवी सनापूर्वी ५४ ते ५१ या काळात सिसेरोनं राज्यावर सहा भागांचा संवाद लिहिला. त्याचा गाभा असा, की राज्य म्हणजे लोकांची सामाईक चीज. आणि लोक म्हणजे कसाही जमलेला घोळका नव्हे, तर कायद्याबद्दलच्या सहमतीनं आणि सामाईक हितानं बांधलेला समुदाय. हे लिहून दशकही उलटलं नाही तोच त्याच्या डोळ्यांदेखत प्रजासत्ताक कोसळलं. इसवी सनापूर्वी ४३मध्ये, ७ डिसेंबरला, त्याला मारलं आणि त्याचं मुंडकं व हात रोमच्या भाषणाच्या चौथऱ्यावर टांगले. ज्या हातांनी लिहिलं ते हात.

पुस्तकही बुडालं. शेवटच्या भागातलं स्वप्नाचं एक प्रकरण तेवढं स्वतंत्रपणे तरलं. बाकीचं अनेक शतकं लोकांना माहीत होतं ते मुख्यतः दुसऱ्यांच्या लिखाणातल्या उताऱ्यांवरून, आणि त्या दुसऱ्यांत सगळ्यात महत्त्वाचा होता संत ऑगस्टीन, सिसेरोचा प्रतिवाद करणारा. न्याय असल्याशिवाय राज्य म्हणवत नसेल तर रोम हे राज्य कधी नव्हतंच, असा त्याचा युक्तिवाद. खोडून काढण्यासाठी का होईना, त्यानं सिसेरोला आपल्या पानांत जागा दिली.

पण खरी नवलाची गोष्ट पुढंच आहे. १८१९मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात तिथला ग्रंथपाल आंजेलो माई एक जुनं चर्मपत्रांचं पुस्तक तपासत होता. वर ऑगस्टीनचं स्तोत्रांवरचं भाष्य. त्या ओळींच्या खाली, धूळपाटी पुसल्यावरही बोटांच्या रेघा मागं राहाव्यात तशी, मोठ्या अक्षरांतली फिकट लिपी दिसली. सातव्या शतकात चर्मपत्राची टंचाई असलेल्या कुणी संन्याशानं जुना मजकूर पुसून त्यावर ऑगस्टीन लिहिला होता. खालचा मजकूर म्हणजे सिसेरोचा हरवलेला संवाद! ज्यानं सिसेरोशी वाद घातला, त्याच्याच पुस्तकाच्या पोटात सिसेरो बाराशे वर्षं लपून राहिला. माईनं रसायनं लावून अक्षरं वर आणली आणि १८२२मध्ये ती छापली. संवादाचा मोठा भाग आजही हरवलेलाच आहे, पण गाभा हाती आला.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चा प्रवास तर याहून अचाट. अथेन्सच्या बंदरावरच्या एका घरात, जत्रेच्या रात्री, म्हातारपणावर आणि पैशावर सहज सुरू झालेल्या गप्पांतून हा ग्रंथ उलगडतो आणि न्याय म्हणजे काय या प्रश्नापाशी येऊन ठेपतो. ज्या शहरानं इसवी सनापूर्वी ३९९मध्ये सॉक्रेटिसला विष प्यायला लावलं, त्या शहराबद्दलचा हा विचार आहे. राज्याची घडण आणि माणसाच्या मनाची घडण एकसारखीच, असा प्लेटोचा दावा. म्हणून नवव्या भागात तो एक चित्र उभं करतो. एकाच कातडीत अनेक तोंडांचा पशू, एक सिंह आणि एक माणूस. अन्याय करणं म्हणजे आतल्या माणसाला उपाशी ठेवून पशूला चारणं.

१९४५मध्ये इजिप्तमधल्या नाग हमादीजवळ खत म्हणून वापरायची माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक रांजण सापडला. त्यात गूढपंथी ख्रिस्ती लिखाणाची कॉप्टिक भाषेतली पुस्तकं. त्यांतला एक छोटा तुकडा बरीच वर्षं कुणाला नीट उमजला नाही. शेवटी ध्यानात आलं की हा प्लेटोच्या त्याच पशू, सिंह आणि माणसाचा उतारा, इतक्या वेड्यावाकड्या भाषांतरातला की ओळखूच येऊ नये! वाळवंटाच्या कडेला कुणाला तरी स्वतःच्या मनातल्या पशूशी झगडायला तो उतारा कामाचा वाटला असणार, एवढंच आपण म्हणू शकतो.

हाच ‘रिपब्लिक’ बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबाला पोचला. तिथला काझी इब्न रुश्द ॲरिस्टॉटलचा सगळ्यात मोठा भाष्यकार. राज्यावरचं ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ मात्र त्याच्या हाती कधी आलंच नाही. तो तसं स्पष्ट सांगतो आणि त्याऐवजी प्लेटोवर भाष्य लिहायला बसतो. प्लेटोनं म्हटलं होतं की राज्य राखण्याच्या कामात स्त्रियाही असाव्यात. इब्न रुश्द हे वाचून थेट आपल्या शहराकडे बोट दाखवतो. इथं स्त्रियांना फक्त मुलं जन्माला घालण्यापुरतं आणि वाढवण्यापुरतं ठेवलंय, म्हणून त्यांचं सामर्थ्य कुणाला दिसतच नाही, त्या झाडाझुडपांसारख्या होऊन राहतात, आणि शहरांच्या गरिबीचं हेही एक कारण आहे. बाराव्या शतकातला काझी हे लिहितो! त्याच्या भाष्याची अरबी संहिता आज नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या एका ज्यू विद्वानानं केलेल्या हिब्रू भाषांतरात ते टिकलं, आणि तिथून लॅटिनमध्ये गेलं. ग्रीक मूर्तिपूजकाचा विचार, मुसलमान काझीचं भाष्य, ज्यू भाषांतरकार, ख्रिस्ती वाचक. एका पुस्तकाला चार घरचे पाहुणचार.

मग असे ग्रंथ वाचायचे तरी कसे? मला याचं सुंदर उत्तर एका पत्रात सापडतं. १५१३च्या सुरुवातीला निकोलो मॅकियाव्हेलीला कटाच्या संशयावरून तुरुंगात टाकलं होतं. हात पाठीमागं बांधून दोरीनं वर ओढायचं आणि झटक्यानं खाली सोडायचं, असा छळ झाला. सुटल्यावर तो फ्लॉरेन्सबाहेरच्या आपल्या शेतावर राहू लागला. १० डिसेंबर १५१३ला त्यानं आपल्या मित्राला, फ्रान्चेस्को वेत्तोरीला, आपला दिनक्रम कळवला. दिवसा लाकूडतोड्यांशी कटकटी, खाणावळीत खाटकाशी आणि पिठाच्या गिरणीवाल्याशी पत्ते, पैशापैशावरून भांडणं. संध्याकाळी घरी आलं की उंबऱ्यापाशी तो चिखलाचे कपडे उतरवतो, दरबारी पोशाख चढवतो आणि प्राचीन माणसांच्या सभेत शिरतो. त्यांना विचारतो की तुम्ही असं का केलंत, आणि ते उत्तर देतात. चार तास गरिबीची भीती उरत नाही, मरणाचीही नाही. याच बैठकांतून २६ प्रकरणांचा ‘प्रिन्स’ झाला.

बेकार झालेल्या त्या माणसाला पुन्हा सरकारी नोकरी हवी होती, म्हणून पुस्तक फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याला अर्पण केलं. त्यांनी त्याला जुनं काम परत दिलं नाही. तो १५२७मध्ये गेला, पुस्तक छापलं गेलं १५३२मध्ये, आणि १५५९मध्ये पोपच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत बसलं. पण जनतेच्या बाजूच्या माणसांनीच ते बारकाईनं वाचलं. रूसोनं तर सरळ म्हटलं, की राजांना शिकवण्याच्या मिषानं यानं जनतेला मोठे धडे दिले. राजासाठी लिहिलेलं पुस्तक प्रजेच्या हाती पडलं, की ती राजाची गुपितं होतात.

प्राचीनांना प्रश्न विचारायचे, म्हणजे आधी त्यांचा प्रश्न कोणता होता ते शोधायचं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या तीन माणसांचा प्रश्न एकच होता. राज्यच नसतं तर काय झालं असतं? दुष्काळी गावात टँकर आलाय आणि रांग नाही असं समजा. थॉमस हॉब्ज सांगेल, हंडे आपटतील, डोकी फुटतील, दांडगाही सुरक्षित नसेल, कारण रात्री तोही झोपतो. म्हणून सगळ्यांनी मिळून एकाच्या हाती काठी द्या आणि त्याचं ऐका. जॉन लॉक सांगेल, रांगेचा न्याय माणसांना मुळात कळतो, अडचण एवढीच की भांडण झालं की जो तो स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश. म्हणून पंच नेमा. पण पंचच पाणी चोरायला लागला तर त्याला हटवण्याचा हक्क राखून ठेवा. रूसो वेगळंच विचारेल. या विहिरीला पहिलं कुंपण कुणी घातलं, की टँकर मागवायची वेळ आली? आणि मग तो असा करार शोधेल, ज्यात प्रत्येकजण सगळ्यांबरोबर बांधला जाईल, तरी स्वतःच्याच नियमाखाली राहील.

हे वाद दिवाणखान्यातले नव्हते. हॉब्जनं ‘लेव्हायथन’ १६५१मध्ये छापलं ते पॅरिसच्या परागंदा आयुष्यातून, मायदेशी यादवी होऊन राजाचं डोकं उडालेलं असताना. त्याचं मुखचित्र एकदा तरी निरखून पाहावं. डोंगरामागून एक अवाढव्य राजा उभा आहे आणि त्याचं अंग शेकडो छोट्या माणसांचं बनलंय. सगळी पाठमोरी, त्याच्या चेहऱ्याकडे पाहणारी. त्या माणसांना बाजूला काढा, राजा उरतच नाही! हॉब्जला हवी होती आज्ञाधारकता, पण चित्र मात्र सत्ता कशाची बनते ते उघड करून बसलंय. १६८३मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठानं हॉब्जची पुस्तकं जाहीरपणे जाळली. त्याच वर्षी लंडनमध्ये प्रजासत्ताकवादी आल्जर्नन सिडनीवर राजद्रोहाचा खटला चालला. कायद्याला दोन साक्षीदार हवे होते, सापडला एकच. तेव्हा त्याच्या टेबलावरचं अप्रकाशित हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून उभं केलं गेलं. त्याचा शिरच्छेद झाला तो दिवसही सिसेरोचाच, ७ डिसेंबर. लॉकनं आपले राज्यकारभारावरचे दोन प्रबंध १६८९मध्ये निनावी छापले आणि ते आपले आहेत हे १७०४मध्ये, मरणाच्या उंबरठ्यावर, मृत्युपत्राच्या पुरवणीतच कबूल केलं. रूसोचा ‘सामाजिक करार’ १७६२मध्ये त्याच्याच जिनिव्हात जाळला गेला. आपण वाचनालयातून निवांत घरी आणतो त्या पुस्तकांच्या कडा अशा जळक्या आहेत.

आणि आता पुण्याला. टॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ १७९१-९२मध्ये आलं. त्याबद्दल इंग्लंडनं पेनवर त्याच्या गैरहजेरीत खटला भरून त्याला दोषी ठरवलं. मेलेल्या पिढ्यांना जिवंतांवर राज्य करायचा हक्क नाही, प्रत्येक पिढीनं आपला कारभार आपण ठरवावा, हा त्यातला कळीचा विचार. ते पुस्तक अर्धशतकानंतर, १८४७च्या सुमारास, विशीतल्या जोतीराव फुल्यांनी वाचलं. पेन इंग्लंडच्या राजाशी आणि फ्रान्सच्या सरदारांशी भांडत होता. पण जन्मानं चिकटलेला उच्चनीचपणा, आणि जुन्या पोथीचं नाव पुढं करून जिवंत माणसाच्या मानेवर ठेवलेलं जोखड, हे पुण्यात वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. १८७३मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. लंडनहून पुण्याला आलेल्या पत्राचं उत्तर पुण्याहून अमेरिकेला गेलं.

जॉन स्टुअर्ट मिलची गोष्ट मला सगळ्यात अंतर्मुख करते. हा माणूस १८२३पासून १८५८पर्यंत, ३५ वर्षं, लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. भारताकडे जाणारे खलिते लिहिणं हे त्याचं काम. ‘ऑन लिबर्टी’ आलं १८५९मध्ये. एकट्या माणसाचं वेगळं मत अख्ख्या जगानंही दाबू नये, असं सांगणारं ते पुस्तक पहिल्याच प्रकरणात एक अट घालतं. हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. त्या समाजांत आपण आलो. १८६१च्या प्रातिनिधिक शासनावरच्या ग्रंथातही भारतासाठी त्यानं परक्यांचा राज्यकारभारच योग्य मानला.

आणि २५ नोव्हेंबर १९४९. दिल्लीत संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर समारोपाचं भाषण करत आहेत. लोकशाही टिकवायची तर काय सांभाळावं हे सांगताना ते मिलचा इशारा उचलतात, १८६१च्या त्याच ग्रंथातला. माणूस कितीही थोर असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. ज्या देशाला मिलनं स्वातंत्र्याच्या दाराबाहेर उभं केलं होतं, त्या देशाच्या संविधानाचा शिल्पकार मिलचंच वाक्य त्या देशाला बजावतोय! त्याच भाषणात ते हेही सांगतात, की संसदीय रीत भारताला नवी नाही, बौद्ध भिक्षुसंघांत ठराव, गणपूर्ती, गुप्त मतदान हे सगळं होतं. म्हणजे मिलचं पुस्तक त्यांनी भिक्षा म्हणून घेतलं नाही. आपल्या घरच्या ठेव्याशेजारी ठेवून, बरोबरीनं बसून वाचलं.

हे ग्रंथ वाचण्याची रीत मी यातूनच शिकलो. आधी पाहायचं, लेखकाला कशाची भीती वाटत होती. यादवीची, जुलमी राजाची, की झुंडीची? मग पाहायचं, त्यानं कुणाला बाहेर ठेवलं. प्लेटोच्या नगरात कवींना जागा नाही, ॲरिस्टॉटल काही माणसांना जन्मजात गुलाम म्हणतो, कौटिल्याचे दंड वर्णाप्रमाणे कमीजास्त होतात, लॉक स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता असूनही गुलामांवर मालकाचा पूर्ण अधिकार सांगणाऱ्या कॅरोलिना वसाहतीच्या घटनेच्या कामात सामील होता. हे झाकायचं नाही. आणि शेवटी पाहायचं, की बाहेर ठेवलेल्यानं ते पुस्तक हाती घेतलं तेव्हा काय झालं. माझ्या मते ग्रंथाचा कस तिथंच लागतो. जो विचार खरा सर्वांचा असतो, तो आपल्या लेखकाच्या संकुचितपणातून सुटतो आणि पुढं चालू लागतो.

सुरुवातीला आलेलं १८९१ साल पुन्हा एकदा पाहू. त्या जानेवारीत लंडनमध्ये शेताच्या हिशोबामागून अथेन्सची राज्यघटना वर आली. त्याच वर्षी म्हैसूरचं ते ग्रंथालय सुरू झालं, ज्याच्या दारात चौदा वर्षांनी कौटिल्याची पोथी येणार होती. त्याच वर्षी, जोतीराव गेल्यानंतर काही महिन्यांत, त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ छापून आलं. आणि त्याच वर्षी १४ एप्रिलला महू छावणीत सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी चौदावं अपत्य जन्मलं. ते मूल पुढं जोतीरावांना गुरू मानणार होतं आणि एका देशाची राज्यघटना लिहिणार होतं. या चार घटनांना एकमेकींचा पत्ता नव्हता. पुस्तकं मात्र आपापल्या वाटेला लागली होती.

डिडिमस दिवाणजीनं जमाखर्च मांडताना मागची बाजू कोरी सोडली. त्याला कुठं ठाऊक होतं तिच्यावर काय येणार आहे! उद्या ग्रंथालयात जाल तेव्हा या पुस्तकांतलं एखादं घरी आणा. पहिल्या पानावर कुठल्या तरी मेदिचीचं किंवा महाराजाचं नाव असेल. असू द्या. पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचा, आणि पाठकोऱ्या बाजूवर आपलं उत्तर लिहा.